केटी लागली, वर्ष गेलं: स्कॉलरशिप राहते की जाते?

"सर, दोन केटी आहेत. फॉर्म भरू का?" केटी म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय. निकाल लागला की कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर हा प्रश्न दिवसातून चार-पाचदा येतो. जे विचारतात त्यांचं काम होतं. न विचारता "आता काय मिळणार" म्हणून गप्प बसणारे नंतर फीची नोटीस हातात घेऊन येतात.

तर, केटी घेऊन पुढच्या वर्षात गेला असाल तर फॉर्म भरायचाच. महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या, बहुतेक योजनांत टक्क्यांपेक्षा जास्त महत्त्व आहे ते पुढच्या वर्षात गेलात का, परीक्षेला बसलात का, वर्गात होतात का, याला. पण प्रत्येक योजनेचा हिशेब वेगळा आहे.

खुल्या प्रवर्गातली बरीच मुलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत येतात. खिडकीवर तिला अजून 'ईबीसी'च म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत, महाराष्ट्राचं डोमिसाईल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेरी), एवढं असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क निम्मं माफ. मॅनेजमेंट कोट्यातली सीट असेल तर ही योजना विसरा. सवलत कुटुंबातल्या पहिल्या दोन मुलांपुरती आहे, त्यामुळे तिसऱ्याच्या प्रवेशाआधीच घरात हे बोलून घ्या. मुलींसाठी एक मोठा बदल 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने झाला: ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल, तर 2024-25 पासून दोन्ही शुल्कं पूर्ण माफ.

आता शाहू योजनेतल्या अभ्यासाच्या अटी. आधीच्या सेमिस्टरला किमान 50 टक्के हजेरी, कॉलेजात नव्याने आलेल्या पहिल्या वर्षाला ही लागू नाही. प्रत्येक सेमिस्टरची परीक्षा दिलेली हवी. आणि अभ्यासक्रमाच्या मध्ये दोन किंवा त्याहून जास्त वर्षांचा गॅप चालत नाही. यातला 'दिलेली' हा शब्द पोरं वाचत नाहीत. पेपर अवघड जाणार म्हणून रूमवर झोपून राहिलेला आणि पेपरला बसून नापास झालेला, दोघांचा विषय राहिला हे खरं, पण मार्कशीटवर एकाच्या पुढे गैरहजर लागतं आणि दुसऱ्याच्या पुढे मार्क, मग ते कितीही कमी असोत. नापास व्हायचंच असेल तर हॉलमध्ये बसून व्हा, असं मी तोंडावर सांगतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या बाबतीत थोडी सोसणारी आहे. उत्पन्न 2.5 लाखांपर्यंत हवं. त्यावर गेलं तर फ्रीशिप, ज्यात निर्वाह भत्ता नसतो, शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा लाभ असतो. एखाद्या वर्षात नापास झालात तर त्या वर्षाचा निर्वाह भत्ता आणि परीक्षा शुल्क मिळतं. मग मात्र पुढच्या वर्गात जाईपर्यंत काही नाही. म्हणजे पहिल्यांदा इयर डाउन झालात, त्याच वर्गात राहिलात, तर पाय अजून जमिनीवर असतात. त्याच वर्गात पुन्हा अडकलात तर खर्च घरचाच. या योजनेत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजची फी सात दिवसांत भरायची असते. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती आपलीच वाटते. तशी ती नाही.

मार्कांच्या बाबतीत खरी कडक योजना केंद्राची आहे, बारावीच्या गुणांवरची. बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे 80 टक्के मुलांच्या पुढे) आणि उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत असेल तर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरवर्षी 12,000 रुपये. पण रिन्यूअलला वार्षिक परीक्षेत 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी. ही महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे, आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेत असाल तर ही घेता येत नाही. फी जास्त असेल तर आधी गणित करा, मग निवडा.

कागदपत्रं: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, दहावीपासूनच्या मार्कशीट, कॅपचं अलॉटमेंट लेटर, रेशन कार्ड, फीची पावती, शाहू योजनेसाठी अपत्यांच्या संख्येचं घोषणापत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा बारकोड नंबर पोर्टलवर टाकला की तपशील आपोआप येतो. एक आकडा चुकला की तासभर डोकं फिरतं. दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, म्हणून मागच्या वर्षीचाच पुन्हा चिकटवू नका.

फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा. मागची माहिती दिसते म्हणून पोर्टलला तुमचं इयर डाउन कळलं असं नाही. 'चालू अभ्यासक्रम' या भागात कोणतं वर्ष, निकाल काय, गॅप किती, हे खरं भरा. गेल्या वर्षी एका मुलाने लाजेने 'पास' निवडलं आणि खाली मार्कशीट जोडली एटीकेटीची, म्हणजे केटी घेऊन पुढच्या वर्षात गेल्याची. अर्ज परत आला. एटीकेटी लिहिलं असतं तर तो पहिल्याच फेरीत पुढे गेला असता.

बँकेचंही बघा. 'आधार लिंक आहे' म्हणजे केवायसी झालेली, एवढंच कधीकधी असतं. पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले पेमेंट हाताळणारी संस्था) नोंदीत तुमच्या आधारला शेवटी जी बँक जोडली आहे तिथे. दहावीत काढलेलं गावचं खातं बंद पडलेलं आणि नोंद अजून तिकडेच, असं हमखास निघतं. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग' असंच म्हणा.

भरून झाल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करा. 'सेंड बॅक', म्हणजे अर्ज दुरुस्तीला परत आलेला, दिसलं तर कारण वाचून, दुरुस्त करून, मुदतीच्या आत पुन्हा सबमिट करा. मेसेज जातो तो नोंदवलेल्या मोबाईलवर, आणि बऱ्याच जणांचा तो नंबर सायबर कॅफेवाल्याचा असतो.