ग्रंथालयात शोध: ४० टक्के

शनिवारचा खेळ संपला की आमच्या टेबलावर पाच मिनिटांचा एक वेगळाच कार्यक्रम होतो. चहाचे कप बाजूला सरकतात, प्रत्येक जण आपली कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची कौशल्यं लिहिलेला कागद, पुढे ओढतो आणि पेन्सिलीनं केलेल्या फुल्या शोधतो. ज्या कौशल्यासमोर फुली असेल त्यासाठी दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा. आकडा येतो १ ते १०० मधला. खेळ चालू असताना सगळ्यांना हा आकडा लहान हवा असतो. या पाच मिनिटांत मात्र तो मोठा यावा म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसलेले असतात.

हा खेळ ‘कॉल ऑफ कथुलू’. १९८१ सालचा, रहस्य आणि भयकथांचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ज्यांनी असलं काही खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, गोष्ट सगळ्यांनी मिळून बोलत बोलत पुढे न्यायची, आणि ‘जमलं की नाही’ असा प्रश्न आला की फासे टाकायचे. माझ्या पात्राच्या शीटवर ‘ग्रंथालयात शोध’ ४० टक्के असेल, तर फाशावर ४० किंवा त्याखाली आलं की हवं ते पुस्तक सापडलं. टक्के म्हणजे काय हे दहावीचा निकाल पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच फायदा.

आता मुद्दा बढतीचा. सरावानं पात्राची कौशल्यं वाढली पाहिजेत, नाहीतर महिनोन्‌महिने कोण खेळेल? पण ती वाढवायची कशी, यात भल्याभल्या गेम डिझायनरांची दमछाक झाली आहे. सोपा मार्ग म्हणजे दर लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या दर पायरीला, ठरावीक गुण देणं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या याच जातीच्या खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत एका कौशल्याला जास्तीत जास्त ‘लेव्हल अधिक ३’ इतके गुण देता येत, म्हणजे विसाव्या लेव्हलला २३. हे गुण वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे. इथेच घोळ झाला. फासा २० पर्यंतच जातो आणि दोन मित्रांमधला फरक २३ चा! जिथे एकूण २५ लागतात तिथे तरबेज पात्र ९५ टक्के वेळा जिंकणार आणि कोऱ्या पात्रानं फासा टाकला काय, न टाकला काय. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं हा फरक बराच आवळला. सरावाचे गुण आता २ पासून सुरू होऊन अखेरीस ६ वर थांबतात. १५ चं आव्हान असेल तर मुरलेलं पात्र, अंगभूत गुणांचे ५ धरून, ८५ टक्के वेळा यशस्वी होतं आणि काहीच गुण नसलेलं नवखं ३० टक्के वेळा. ३० टक्क्यांत आशा असते, टेबलावर बसून राहण्याइतकी तरी.

फुलीवाला नियम मला याहून जास्त आवडतो, कारण त्यात कोष्टकच नाही. खेळताना एखादं कौशल्य यशस्वीपणे वापरलं की फुली. शेवटी त्या फुलीसाठी फासे टाकायचे, आणि आकडा आपल्या सध्याच्या टक्क्यांपेक्षा *जास्त* आला तरच बढती. म्हणजे त्या क्षणी चुकलात तरच शिकलात. ही कल्पना १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळातली, तिथे बढती ठरलेली ५ ची होती. कथुलूच्या सातव्या आवृत्तीत दहा बाजूंचा फासा टाकून जेवढे येतील तेवढे टक्के वाढतात, सरासरी साडेपाच.

एक छोटा हिशेब करू. २० टक्केवाल्याला बढती मिळण्याची शक्यता ८० टक्के, म्हणून एका फुलीमागे सरासरी ४.४ टक्क्यांची कमाई. ५० वर ती २.७५ होते. ८० वर १.१. शंभरापर्यंतचं जे अंतर उरलंय त्याचा साधारण अठरावा हिस्सा दर फुलीला कापला जातो, मग अंतर कितीही असो. कपातला चहा असाच निवतो: वाफाळता असताना भराभर, कोमट झाल्यावर रेंगाळत. याच हिशेबानं २० वरून ५० वर यायला सुमारे ८-९ फुल्या लागतात, ५० वरून ८० ला १६-१७, आणि पुढच्या फक्त दहा टक्क्यांना १२-१३. ‘वरच्या पातळीवर शिकणं अवघड होतं’ असं नियमपुस्तकात कुठे लिहावं लागलं नाही. फाशानंच ते सांभाळलं.

माणसं खरोखर अशीच शिकतात का? १९३६ साली टी. पी. राइट या अभियंत्यानं विमानांच्या कारखान्यातल्या कामाचा असा हिशेब मांडला होता, की एकूण विमानांची संख्या दुप्पट झाली की एका विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. पुढे १९८१ मध्ये नेवेल आणि रोझनब्लूम या संशोधकांनी नाना प्रकारच्या कामांमधली सुधारणा तपासली आणि तिथेही तसाच वक्र दाखवला. त्याला ‘सरावाचा घात नियम’ म्हणतात (घात म्हणजे गणितातला, ‘पॉवर’). त्यात शेपटी फार लांब असते. सुधारणा मंदावत जाते, तरी चालूच राहते. पण २००० साली हीथकोट, ब्राउन आणि म्यूहॉर्ट यांनी एकेका माणसाची आकडेवारी सुटी काढून पाहिली. तेव्हा घात नियमापेक्षा घातांकी वक्र जास्त नीट बसला, म्हणजे उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा कापत जाणारा. आपला चहाचाच वक्र! लांब शेपटी बऱ्याच अंशी सरासरीतून आली होती: चटकन शिकणारे लवकर थांबतात, सावकाश शिकणारे मागून सुधारत राहतात, आणि सगळ्यांना एकत्र मिसळलं की शेपटी लांबते. त्यांची मोजणी कामाला लागणाऱ्या वेळेची होती आणि इथे आपण यशाचे टक्के मोजतोय, तेव्हा तुलना फार ताणू नये. तरी २२ वर्षं आधी एका खेळाच्या नियमात तोच आकार उतरलेला पाहून मला अजूनही मजा वाटते.

नियमाची दुखरी जागा फुलीत आहे. फुली मिळवायला आधी यश हवं. कुलूप उघडण्याचं कौशल्य कथुलूत बहुतेकांना १ टक्का असतं. शंभरातल्या ९९ वेळा अपयश, म्हणजे फुली नाही, म्हणजे शिकणं नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही आणि पोहता आल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत, तसलाच प्रकार. एका खेळात एकच प्रयत्न धरला तर बढतीची शक्यता २० टक्केवाल्याला १६, पन्नासवाल्याला २५ आणि ऐंशीवाल्याला पुन्हा १६ टक्के. सुरुवात सुस्त, मध्ये वेग, शेवटी सुस्त. तबल्यासारख्या गोष्टीला हा आकार शोभतो. तिथे पहिले कित्येक महिने बोल हातात बसतच नाहीत. पण दहा शनिवारांत संपणाऱ्या गोष्टीत कोणाला इतका धीर असतो!

‘डंजन वर्ल्ड’ या २०१२ च्या खेळानं उलटं केलं: दोन साध्या फाशांवर बेरीज ६ किंवा कमी आली, म्हणजे फसलात, की अनुभवाचा एक गुण. अंगात काहीच कसब नसेल तर असं ३६ पैकी १५ वेळा होतं. बेरजेत मिळवायला कसबाचे २ गुण असतील तर ३६ पैकी फक्त ६ वेळा. इथेही वेग आपोआप मंदावतो, शिवाय हरलेल्या माणसाच्या हातात काहीतरी पडतं.

आमच्या टेबलावर मी मधला रस्ता काढला: यश असो वा अपयश, फासे खऱ्या अडचणीत टाकलेले असले की फुली. मात्र एका कौशल्याला एका खेळात एकच. मूळ नियमातलीही ही अट मी जिवापाड जपतो. ती सैल असेल तर लोक एक वार तलवारीचा, एक कुऱ्हाडीचा, एक भाल्याचा करत सुटतात आणि लढाई राहते बाजूला. मग डिझायनरच्या हातात एकच खुंटी उरते, बढतीचा फासा. सहा बाजूंचा घेतला तर २० वरून ८० ला सुमारे ४० फुल्या, दहा बाजूंचा घेतला तर २५, वीस बाजूंचा घेतला तर १३. वर्षभराचा खेळ की पावसाळ्यापुरता, तेवढं आधी ठरवायचं.

अगदी वरच्या टोकाला कथुलूत आणखी दोन बारीक सोयी आहेत. कौशल्य ९० ला पोचलं की पात्राला सहा बाजूंच्या दोन फाशांवर येईल तितकी मनःशांती परत मिळते, आणि भयकथेत तीच सगळ्यात महाग वस्तू असते. शिवाय ९५ च्या वर काहीही आलं तर बढती मिळतेच, कौशल्य ९९ असलं तरी. गेल्या महिन्यात आमच्या ग्रंथपालबाईंनी ९६ टक्क्यांवर फासे टाकले आणि ९८ आले. टेबलावर असा आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरचे काका वर बघायला आले.