“आता आदित्य दाखव!”

संध्याकाळी डिचोलीत आमच्या गच्चीवरून अंतराळ स्थानक सरकत गेलं. खाली पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजत होता. भाच्याने लगेच पुढची मागणी केली, “मामा, आता आदित्य दाखव!”

स्थानकाची वेळ मोबाइलने मिनिटासकट सांगितली होती. आदित्य-एल१चं, म्हणजे सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या यानाचं, नाव टाकलं तर मोबाइल गप्प. खरं तर अंतराळात सोडलेल्या वस्तूंच्या एकाच यादीत दोघंही आहेत: स्थानकाचा क्रमांक २५५४४, आदित्यचा ५७७५४. अमेरिकेचं अंतराळ दल ही यादी सांभाळतं. (पहिला क्रमांक जगातल्या पहिल्या उपग्रहाचा, स्पुटनिकचा, नाही बरं का; तो मान त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचा. स्पुटनिक दुसरा.)

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी आकड्यांच्या दोन ओळी निघतात: कक्षा किती कललेली, किती लांबट, दिवसाला फेऱ्या किती. स्थानकाच्या साडेपंधरा. त्यावरून मोबाइल पुढचं गणित मांडतो. पण या गणितात मालक पृथ्वी. चंद्र-सूर्याची ओढ म्हणजे किरकोळ लुडबुड. आदित्य १५ लाख किलोमीटरवर, सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढाताणीत झुलतो. तिथे ‘दिवसाला फेऱ्या किती’ विचारण्यात अर्थच नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या रडारकडे परतणारा प्रतिध्वनी सोळावा हिस्साच उरतो. ओळी बंद होतात. क्रमांक मात्र कुणी खोडत नाही. व्हॉयेजर-१ हे यान २०१२ मध्ये सौरवाऱ्याच्या हद्दीपलीकडे गेलं, तरी १०३२१ त्याचाच.

मग ठावठिकाणा कोण ठेवतं? ज्याचं त्याने. बंगळूरुजवळ ब्यालालूला इस्रोच्या अँटेनाच्या मोठ्या तबकड्या आहेत. यानाचं उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, लहरींच्या बदललेल्या वारंवारतेवरून वेग.

यान मुकं झालं की पंचाईत. चंद्रयान-१ ऑगस्ट २००९ मध्ये गप्प झालं. जेमतेम दीड मीटरचा ठोकळा, तोही चंद्राजवळ! त्याची कक्षा ध्रुवांवरून जाते एवढा धागा हाती होता. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ७० मीटरच्या तबकडीने चंद्राच्या उत्तर ध्रुवाच्या वरच्या बाजूला रडारचा झोत धरून ठेवला, अगदी वाटेत जाळं लावावं तसा. चार तासांत काहीतरी दोनदा झोतातून गेलं. चंद्रयानच ते, पृष्ठभागापासून सुमारे २०० किलोमीटरवर.

उलटही घडतं. २००२ मध्ये पृथ्वीभोवती एक ‘लघुग्रह’ सापडला. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला तर पांढऱ्या रंगात असतं ते टायटॅनियम डायऑक्साइड! १९६९च्या अपोलो-१२च्या रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा. सूर्याभोवती भटकून आला होता. २००३ मध्ये पुन्हा तिकडेच निघून गेला.