विमान ऐकत नाही? रिसीव्हर बदलण्याआधी एवढे तपासा

उडता उडता रिमोटवर चालणारे मॉडेल विमान क्षणभर हाताबाहेर गेले की पहिला संशय रिसीव्हरवर, म्हणजे ट्रान्समीटरचा (हातातल्या रिमोटचा) सिग्नल घेणाऱ्या विमानातल्या पेटीवर, जातो. 2.4 गिगाहर्ट्झच्या संचात मात्र रेडिओपेक्षा त्याला मिळणारी वीजच जास्त वेळा दगा देते. म्हणून नवा रिसीव्हर मागवण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या. टेबलावर काम करताना प्रॉपेलर काढून ठेवा. मोटर अचानक सुरू झाली तर बोटावर बेतते.

आधी व्होल्टेज

रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमध्ये (प्लग लावायच्या जागेत) सर्व्होची, म्हणजे पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरची, जुनी वायर खोचा आणि तिच्या तांबड्या-काळ्या टोकांना मीटर लावा. आता ट्रान्समीटरच्या दोन्ही स्टिक एकदम जोरात फिरवा, म्हणजे सगळे सर्व्हो एकाच वेळी हलतील. 5 व्होल्टचा पुरवठा 4.8 च्या खाली घसरताना दिसला तर बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणारा भाग) कमी पडतो आहे. साधा मीटर क्षणिक घसरण पकडत नाही. खरी घसरण दिसते त्याहून खोल असते. व्होल्टेज फार खाली गेले की रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्या सेकंद-दीड सेकंदाला आपण ‘सिग्नल गेला’ म्हणतो.

ईएससीमधला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटमधला) बीईसी लिनियर प्रकारचा असेल तर जास्तीचे व्होल्टेज तो उष्णता करून घालवतो. पूर्ण चार्ज झालेली 3 सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी 12.6 व्होल्ट देते. त्यातून 5 व्होल्टवर 2 अँपिअर घेतले, तर 7.6 गुणिले 2, म्हणजे 15 वॉट नुसती उष्णता. 4 सेलवर हाच आकडा 23 वॉटच्या पुढे जातो. त्यामुळे ईएससीवर ‘2 अँपिअर’ छापले आहे म्हणून 4 सेलवर चार डिजिटल सर्व्हो लावू नका. वेगळा 5 अँपिअरचा स्विचिंग प्रकारचा (फारशी उष्णता न करणारा) बीईसी बसवा. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली तांबडी पिन सुईने खटका उचलून बाहेर काढा आणि टेपने गुंडाळा, नाहीतर दोन्ही बीईसी एकमेकांशी झगडतात.

स्टिक मध्यावर असतानाही एखादा सर्व्हो गुणगुणत असेल, तर बहुधा पुशरॉड (सर्व्हो आणि फळी जोडणारी काडी) अडतो आहे. क्लेव्हिस (काडीच्या टोकाची पकड) सोडा. आवाज थांबला तर सर्व्हो चांगला आहे, जोडणी सुधारा.

अँटेना

रिसीव्हरच्या वायरीचे शेवटचे, जाळी नसलेले सुमारे 31 मिलिमीटर हीच खरी अँटेना. ते टोक सरळ ठेवा. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात बसवा, आणि बॅटरी, मोटरच्या वायरी व कार्बन फायबर यांपासून लांब. कार्बनच्या बॉडीत टोके बाहेरच काढावी लागतात. टोक कापू नका, जोड देऊन वाढवूही नका. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक विमानावर रोखू नका. त्या दिशेने सिग्नल सर्वात कमजोर असतो.

रेंज टेस्ट

विमान लाकडी किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवा, जमिनीवर नको. ट्रान्समीटर रेंज टेस्टवर (कमी शक्तीच्या मोडवर) टाकून 30 पावले मागे जा. सर्व्हो न अडखळता चालले पाहिजेत. मग प्रॉपेलर बसवा, मदतनिसाला विमान मागून घट्ट धरायला सांगा आणि अर्ध्या थ्रॉटलवर पुन्हा पाहा. प्रॉपेलरशिवाय मोटर फारसा करंट ओढतच नाही, त्यामुळे ती चाचणी फुकट जाते. मोटर चालू असतानाच बिघाड दिसला तर रिसीव्हर ईएससीपासून दूर हलवा आणि व्होल्टेज पुन्हा मोजा.

बाइंड आणि फेलसेफ

बाइंड होत नसेल, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांशी जोडले जात नसतील, तर दोन्ही वस्तूंत किमान मीटरभर अंतर ठेवा. फार जवळून सिग्नल इतका जोरदार येतो की रिसीव्हर गोंधळतो. दोन्हींवर 2.4 लिहिले आहे एवढ्याने त्या जुळतात असेही नाही, प्रोटोकॉल (सिग्नलची भाषा) एकच लागतो. बाइंडनंतर फेलसेफ (सिग्नल गेल्यावर मोटर थांबवणारी सोय) पुन्हा तपासा: प्रॉपेलर काढून मोटर हळू चालवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे.

एकच सर्व्हो थरथरतो

त्याला दुसऱ्या चॅनेलवर लावा. थरथर त्याच्याबरोबर गेली तर आतला पोटेन्शियोमीटर (सर्व्होची स्थिती मोजणारा भाग) बहुधा झिजला आहे, सर्व्हो बदला. ती जुन्या चॅनेलवरच राहिली तर रिसीव्हर किंवा वायर पाहा. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या विमानात, विशेषतः कोकणात, पिनांवर हिरवा थर धरतो. असा प्लग पुसत बसण्यापेक्षा बदलणे बरे.

एवढे करूनही दोष राहिला तर रिसीव्हर, ईएससी आणि सर्व्हो एकत्रच दुरुस्तीला पाठवा. सोबत ट्रान्समीटरचे मॉडेल, लायपोचे सेल आणि मोजलेले सर्वात कमी व्होल्टेज चिठ्ठीवर लिहा. लायपो मात्र पार्सलात घालू नका.