नेसीच्या गुहेचा हिशोब

2016 च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरात एका बोटीच्या सोनारने, म्हणजे ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राने, 271 मीटर खोली दाखवली. सरोवराची मान्य खोली 230 मीटर. म्हणजे तळाशी कुठेतरी चाळीस मीटरचा खड्डा असणार. आणि खड्डा म्हटल्यावर लोकांच्या मनात त्याला लगेच भुयारही फुटलं. नेसीची, म्हणजे या सरोवरात राहतो असं मानल्या जाणाऱ्या राक्षसी प्राण्याची, लपायची जागा सापडली, अशा बातम्या झळकल्या.

सोनार खोटं बोलत नाही, पण त्याला मोजता येतो तो फक्त वेळ. ध्वनी खाली जातो, तळावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. थंड गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,430 मीटर, म्हणजे 230 मीटरचा तळ गाठून परत यायला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. प्रतिध्वनी आणखी सहा शतांश सेकंद उशिरा आला, की पडद्यावर 271 मीटर उमटतात. लॉख नेसच्या बाजू कड्यासारख्या उभ्या आहेत. ध्वनी आधी कड्यावर आपटून, मग तळाकडे वळून परत आला की एवढा उशीर सहज होतो. यंत्राला वाटतं, तळच खाली गेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्ग कंपनीचा मुनिन नावाचा पाणबुडा रोबो तिथे उतरला. बोटीवरून खाली डोकावण्यापेक्षा स्वतःच खोल जाऊन तळाजवळून मोजमाप घेणं केव्हाही चांगलं. खंदक नव्हता. सापडला तो एक राक्षस, पण लाकूडकामाचा. 1969 साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात बुडालेला नेसीचा पुतळा तळाच्या गाळात शांत पडून होता.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण गुहेची कल्पना मरत नाही, कारण ती नेसीच्या बाजूच्या माणसाला फार सोयीची आहे. 1933 च्या मे महिन्यात 'इन्व्हरनेस कुरियर'मध्ये सरोवरातल्या अजस्र प्राण्याची बातमी आली, तेव्हापासून कॅमेरे लावून झाले, पाणबुड्या उतरवून झाल्या. 1987 साली तर वीसहून जास्त बोटी एका रांगेत उभ्या करून सरोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनारने विंचरून काढलं. तीन-चार न उलगडलेल्या खुणांपलीकडे हाती काही लागलं नाही. मग प्रश्न येतोच, एवढा मोठा प्राणी जातो कुठे? उत्तर तयार असतं: गुहेत. कॅनडातल्या ओकानागन सरोवरातल्या ओगोपोगो नावाच्या अशाच राक्षसालाही लोकांनी अशीच पाण्याखालची गुहा बहाल केली आहे.

मला हे उत्तर आवडतं, कारण ते तपासता येतं. प्राणी पळून जाऊ शकतो, गुहा कुठे जाणार?

पाण्याखालच्या प्रचंड गुहा जगात आहेत, यात शंका नाही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या साक आक्तुन या बुडालेल्या गुहासंकुलाची मोजलेली लांबी 340 किलोमीटरहून जास्त आहे. पण तिथला खडक चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल बनतं आणि चुनखडीला हळूहळू विरघळवत जातं. भेगेची फट होते, फटीची बोळ, बोळीचं दालन. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना ही दालनं कोरडी होती, नंतर ती पाण्याने भरली. स्कॉटलंडमध्येही उत्तर टोकाला डर्नेसजवळ चुनखडी आहे, आणि तिथे स्मू नावाची मोठी गुहा आहेच. लाटांच्या माऱ्यानेही गुहा होतात, स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा तशी बेसॉल्टमध्ये कोरली गेली. पण त्यासाठी समुद्राच्या लाटा हव्यात, आणि त्याही एकाच पातळीवर हजारो वर्षं आपटणाऱ्या.

लॉख नेसच्या काठी यातलं काहीच नाही. तिथे शिस्टसारखे रूपांतरित खडक, जुना तांबडा वाळूखडक, खडे-गोटे चिकटून झालेला पिंडाश्म आणि फॉयर्सजवळ ग्रॅनाइट. या खडकांना पाणी विरघळवत नाही. सरोवर पडलंय ते ग्रेट ग्लेन या प्रस्तरभंगावर. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत सरकले आणि मधला खडक भरडून निघाला. भरडलेला खडक कमकुवत असतो, म्हणून हिमयुगातल्या हिमनद्यांनी नेमका तोच पट्टा खरवडून खोल केला. 36-37 किलोमीटर लांब, सरासरी दीड किलोमीटर रुंद असा हा चर. बर्फाने हे काम कानशीसारखं केलं. आधी एखादी पोकळी असलीच, तर तीही तासून निघाली असणार. बर्फ ओसरून जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. तेव्हापासून नद्या-ओढे गाळ आणून टाकताहेत आणि सरोवराचा खोल तळ त्या गाळाने सपाट झालाय.

प्रस्तरभंग अजून पूर्ण झोपलेला नाही, हे खरं. 1901 च्या सप्टेंबरमध्ये सरोवराजवळच्या इन्व्हरनेस शहरात भूकंप झाला आणि कॅलेडोनियन कालव्याच्या काठाला भेग पडली. पण भूकंपाने भेग पडते, दालन कोरलं जात नाही. कड्यावरून कोसळलेल्या धोंड्यांच्या खाली कोनाडे मात्र असणार, काठावरच्या अर्कहार्ट किल्ल्याखालच्या उतारावर तर नक्कीच. त्यात मासे राहतील. पाच-सात मीटरचा प्राणी राहणार नाही.

आता भुयाराकडे वळू. नेसी कायमची सरोवरात राहत नाही, भुयारातून समुद्रात ये-जा करते, असं मानणारे बरेच आहेत. त्यावर शास्त्राच्या बाजूने ठरलेलं उत्तर येतं, की सरोवराची पातळी समुद्रापेक्षा सुमारे 16 मीटर उंच आहे, भुयार असतं तर सरोवर रिकामं झालं असतं. उत्तर बरोबर दिशेचं आहे, पण घाईचं आहे. थोडा हिशोब मांडून पाहू.

समुद्राचं पाणी जड असतं, सुमारे अडीच टक्के. भुयाराचं तोंड सरोवराच्या पार तळाशी आहे आणि ते खाऱ्या पाण्याने भरलंय असं धरलं, तर हे जड पाणी आपल्या वजनाने गोड्या पाण्याचा स्तंभ समुद्रसपाटीपेक्षा पाचेक मीटर उंच पेलू शकेल. सोळा नाही. म्हणजे पाणी बाहेरच वाहणार, भुयार गोड्या पाण्याने धुऊन निघणार, आणि जवळजवळ पूर्ण सोळा मीटरचा जोर त्या प्रवाहामागे राहणार.

पण सरोवर रिकामं होईल का? मोरे फर्थची खाडी दहा किलोमीटरवर आहे. तीन मीटर व्यासाचं, दहा किलोमीटर लांबीचं, खडबडीत भिंतींचं भुयार घेतलं तर माझ्या कच्च्या हिशोबाने पाणी सेकंदाला साधारण एका मीटरच्या वेगाने वाहील. म्हणजे सेकंदाला सहा-सात हजार लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण नेस नदी याच्या कितीतरी पट पाणी रोज समुद्रात नेते आणि सरोवर तरीही भरलेलंच असतं. तेव्हा नाही, अशा भुयाराने सरोवर कोरडं पडणार नाही. नेसीवाल्यांना हा एक गुण द्यायला हवा.

तो लगेच काढूनही घ्यावा लागतो. पहिलं म्हणजे एवढं गोडं पाणी खाडीच्या तळातून उसळलं तर ते हलकं असल्याने वर येणार, आणि पिढ्यानपिढ्या तिथे जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना ती जागा पाठ असणार. दुसरं, समुद्रातून सरोवरात येताना नेसीला या प्रवाहाविरुद्ध पोहावं लागेल. ती सेकंदाला दोन मीटर वेगाने पोहते असं उदारपणे धरलं, तरी एक मीटर प्रवाह खाणार. दहा हजार मीटरला दहा हजार सेकंद. पावणेतीन तास, एकही श्वास न घेता, काळोखात, तिला वळताही येणार नाही अशा नळीत. चोचीच्या व्हेलने 3 तास 42 मिनिटं पाण्याखाली काढल्याची नोंद आहे, म्हणून अशक्य हा शब्द मी वापरत नाही. पण ती व्हेल मोकळ्या समुद्रात शक्ती राखून बुडी मारते, दहा किलोमीटर उलट्या धारेशी झुंजत नाही.

श्वासाचा मुद्दा बंद गुहेलाही लागू आहे. नेसीचं लोकप्रिय रूप प्लेसिओसॉरचं, म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचं. त्याला फुप्फुसं होती. गुहेच्या छताशी हवेचा कप्पा असेल, तिथे तो डोकं वर काढत असेल, असं कुणी सुचवतं. कप्प्यातली हवा कशी संपते हे 2017 साली मायोर्का बेटावर एका गुहा-पाणबुड्याने अनुभवलं. वाट दाखवणारी दोरी तुटली आणि तो हवेच्या कप्प्यात सुमारे साठ तास अडकला. तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांच्या घरात होता, आपल्या नेहमीच्या हवेत तो 0.04 टक्के असतो. डोकं ठणकायला लागलं, भास व्हायला लागले. शेवटी त्याला सुखरूप बाहेर काढलं. हा एका माणसाचा श्वास. काही टन वजनाच्या प्राण्याला तसा कप्पा किती पुरेल?

त्याला वर यावंच लागेल, आणि वर आलेलं दिसतं. 1984-85 मध्ये समुद्रातून एक सील नदीमार्गे लॉख नेसमध्ये आला आणि काही महिने मुक्कामाला राहिला. लोकांना तो दिसला, त्याचे फोटो निघाले. एक साधा सील.

मग गुहेत राहणारे प्राणी असतात तरी कसे? याचं उत्तर खऱ्याखुऱ्या ड्रॅगनकडे आहे. आजच्या स्लोव्हेनियात पूर आला की चुनखडीच्या गुहांतून कधीकधी फिकट गुलाबी, चार पायांचा, आंधळा प्राणी वाहून बाहेर येई. लोक त्याला ड्रॅगनचं पिल्लू समजत. वाल्वासोर या विद्वानाने 1689 साली ही समजूत लिहून ठेवली. तो प्राणी म्हणजे ओल्म, एक प्रकारचा सॅलमँडर. लांबी 25-30 सेंटिमीटर. तो वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो आणि त्याचं आयुष्य सत्तर वर्षांच्या आसपास असतं. गुहेत ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही, म्हणून बाहेरून वाहून येईल तेवढंच अन्न. अशा घरात जगायचं तर लहान, मंद आणि काटकसरी असावं लागतं. मेघालयातल्या एका गुहेत जगातला सर्वांत मोठा भूगर्भवासी मासा सापडला, त्याची लांबी चाळीस सेंटिमीटरच्या थोडी वर. गुहेच्या जगात हा राक्षस.

नेसी जेवायला सरोवरात येत असेल म्हणावं, तर तिथलं ताटही फारसं भरलेलं नाही. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे लॉख नेसचं पाणी चहासारखं तपकिरी आहे. प्रकाश काही मीटरांतच मरतो, आणि खोल पाणी वर्षभर 5-6 अंशांवर. सोनारने काढलेल्या अंदाजानुसार खुल्या पाण्यात एकूण वीसेक टनच मासे आहेत. शिकाऱ्याचं वजन शिकारीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं, या ठोकताळ्याने सगळे शिकारी मिळून दोन टन. आणि शिकारी एक असून चालत नाही, कळप लागतो. वाटणी तुम्हीच करा.

शेवटचा पुरावा गुहेला पूर्ण वळसा घालून येतो. प्रत्येक प्राणी त्वचा, विष्ठा, श्लेष्मा यांतून पाण्यात डीएनए सोडत असतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले नील गेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली सरोवरातून, वेगवेगळ्या खोलीवरून, सुमारे 250 नमुने घेतले. प्राणी कपारीत दडून बसला म्हणून त्याचा डीएनए दडत नाही. लॉख नेसचं पाणी वरून शांत दिसलं तरी आतून हलत असतं. वारा वरचा उबदार थर एका टोकाला ढकलतो, वारा पडला की तो थर परत येतो, आणि पृष्ठभागाखाली दोन-अडीच दिवसांच्या लयीत सगळं सरोवर पाळण्यासारखं झुलत राहतं. कपारीतलं पाणी अशा झुलण्यातून सुटत नाही.

2019 च्या सप्टेंबरमध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही. स्टर्जन नाही, शार्क नाही. माणसाचा, गुराढोरांचा, हरणांचा डीएनए होता, आणि ईलचा, म्हणजे वाम माशाचा, जवळजवळ प्रत्येक नमुन्यात. डीएनएवरून माशाचा आकार कळत नाही, म्हणून लांबलचक ईल ही शक्यता गेमेल यांनी मोडीत काढली नाही. युरोपीय ईल सहसा मीटरभराच्या आसपास थांबते, हेही लक्षात ठेवावं.

गंमत अशी की समुद्र आणि लॉख नेस यांच्यात गुपचूप ये-जा करणारा प्राणी खरोखर आहे, आणि तो हाच. बोटभर लांबीच्या पारदर्शक पिल्लांच्या रूपात ईल अटलांटिकमधून येतात, सरोवरात धोंड्यांखालच्या फटींत वर्षानुवर्षं वाढतात आणि एखाद्या शरदात, चंद्र नसलेल्या रात्री, दूरच्या सार्गासो समुद्राकडे अंडी घालायला निघतात. त्यांना भुयार लागत नाही. त्या नेस नदीतूनच जातात, इन्व्हरनेस शहराच्या मधोमध, पुलांच्या दिव्यांखालून.