आयपीव्ही ६ बंद करण्याआधी आम्हाला विचारा

‘कॅमेरा घरात दिसतो, बाहेर गेलं की दिसत नाही.’ या तक्रारीवर आमचा, म्हणजे तुम्हाला नेट देणाऱ्या कंपनीचा, माणूस येतो, राउटर उघडतो आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: आयपीव्ही ६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) समोरची टिक काढलेली. कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘ते बंद कर, नेट पळतं.’

कधीकधी पळतंही, नाही असं नाही. राउटरला नवा पत्ता अर्धवट मिळाला असेल तर फोन आधी त्या वाटेने जाऊन बघतो, अडकतो आणि मग जुन्या वाटेला लागतो. टिक काढली की तेवढा खोळंबा वाचतो. मूळ बिघाड तसाच राहतो. तो लाइनचा असो की राउटरचा, काढणं आमचं काम.

जुन्या आयपीव्ही ४ मध्ये पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. आपल्या दूरसंचार विभागाचा आयपीव्ही ६ चा आराखडा त्याआधी, २०१० मध्ये आला. दुसरा २०१३ मध्ये. तरी जुनं एका रात्रीत जाणार नाही, म्हणून आम्ही दोन्ही पत्ते देतो. मात्र आयपीव्ही ४ चा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरच्या लाइनच्या) रकान्यात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला तर तो सामायिक पत्ता समजा. मग पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडणं) कितीही करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. हा आमचा कंजूषपणा नाही, पत्तेच शिल्लक नाहीत.

तुमचा स्वतःचा पत्ता आयपीव्ही ६ मध्ये मिळतो. त्या रकान्यात २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता हवा. नुसता ‘एफई८०’ने सुरू होणारा दिसला, तर आमच्याकडचा पत्ता तुमच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

‘मग कुणीही घुसेल का?’ राउटरची फायरवॉल (येणाऱ्या-जाणाऱ्यावरचा पहारा) चालू असेल तर बाहेरून आपणहून आलेलं काहीही ती अडवते. कॅमेऱ्यापुरती वाट उघडून हवी असेल तर आम्ही देतो. दुकानात वेगळी फायरवॉल असेल तर आयसीएमपी (वाटेतल्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट बंद करू नका. पानं अर्धवट उघडतात आणि दोष आमच्या लाइनला लागतो.

राउटर फार जुना असेल तर आम्ही बदलायलाच सांगतो. नवा कुठूनही घ्या. आमच्याकडचे आमच्या लाइनवर तपासलेले असतात, एवढंच.

फोन करण्याआधी ‘वॅन’च्या पानाचा फोटो पाठवा. आणि रीसेटचं बटण दाबू नका, आमचं सगळं सेटिंग पुसलं जातं.