तांबे व पाण्यातील सेंद्रिय द्रव्य यांचा बंध

नदी, तळे किंवा समुद्र, कुठल्याही पाण्यात विरघळलेले तांबे क्वचितच सुटे असते. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ आणि सूक्ष्मजीव यांपासून तयार झालेले सेंद्रिय द्रव्य त्याला धरून ठेवते. गोड्या पाण्यात या द्रव्याचा मोठा भाग म्हणजे ह्युमिक व फुल्विक आम्ले. अमेरिकेतील ओकेफेनोकी दलदलीतून निघणाऱ्या सुवानी नदीचे पाणी त्यांच्यामुळेच काळपट तपकिरी दिसते. तिथून वेगळे केलेले फुल्विक आम्ल जगभरच्या प्रयोगशाळा प्रमाण नमुना म्हणून वापरतात.

आम्लाच्या रेणूवरील कार्बॉक्सिल व फिनॉल गटांतील ऑक्सिजन तांब्याच्या द्विधन (दोन धनप्रभार असलेल्या) आयनाला जोडले जातात. शेजारशेजारचे दोन गट एकाच आयनाला दोन्हीकडून धरतात, तेव्हा वलय तयार होऊन पकड घट्ट होते. नायट्रोजन व गंधक असलेल्या जागा संख्येने थोड्या, पण पकडीला सर्वांत बळकट. म्हणून तांबे अत्यल्प असेल तर ते या जागांवर जाऊन बसते. प्रमाण वाढले की उरलेल्याला दुबळ्या जागांवर भागवावे लागते. त्यामुळे या बंधाची ताकद एकाच स्थिरांकात सांगता येत नाही. कोणता धातू किती घट्ट बंध करतो हे सांगणाऱ्या आयर्व्हिंग-विल्यम्स क्रमातही (1953) मँगनीजपासून जस्तापर्यंतच्या द्विधन आयनांत तांबे सर्वांत वर आहे. सामू (pH) उतरला, म्हणजे पाणी अधिक आम्लधर्मी झाले, की हायड्रोजन आयन त्या जागा बळकावतात आणि तांबे सुटते. लोह, ॲल्युमिनियम आणि कठीण पाण्यातले कॅल्शियमही स्पर्धेत असतात.

हे सगळे महत्त्वाचे ठरते ते विषारीपणामुळे. सुटा आयन माशांच्या कल्ल्यांवर बसून सोडियम आत घेण्याची क्रिया बिघडवतो. सेंद्रिय द्रव्याला बांधलेले तांबे सहसा तिथपर्यंत पोचत नाही. नुसते एकूण तांबे मोजून पाणी घातक की निर्धोक हे ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2007 मध्ये गोड्या पाण्यासाठी दिलेले तांब्याचे निकष सेंद्रिय कार्बन, सामू, कॅल्शियम आदी घटक हिशेबात घेतात. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत मोरचूद (तांब्याचे सल्फेट) व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. तिथले ओढे तपासतानाही या घटकांच्या नोंदी हव्यात.

सुटे तांबे आयन-निवडक विद्युतअग्राने (ठरावीक आयनालाच प्रतिसाद देणाऱ्या इलेक्ट्रोडने) मोजतात. दुसरी पद्धत प्रकाशाची: अतिनील किरणांखाली सेंद्रिय द्रव्य निळसर चमकते आणि तांबे जोडले गेले की ती चमक मंदावते. मात्र चमकणारा भाग हा एकूण द्रव्याचा एक अंश असल्याने या आकड्यांवरून साऱ्या द्रव्याबद्दल बोलताना जपून राहावे लागते.