कोविड काळातल्या सरकारी खरेदीचे कागद माहिती अधिकारात कसे मागायचे?

२०२० आणि २०२१ मध्ये ग्रामीण रुग्णालयापासून महापालिकेपर्यंत सगळीकडे व्हेंटिलेटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, पीपीई किट, खाटा-गाद्या आल्या. त्यातली बरीच खरेदी निविदा न काढता झाली. तशी मुभा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५० मध्येच आहे. तातडीची गरज आहे अशी खात्री पटली, तर राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरण एखाद्या विभागाला थेट खरेदीचा अधिकार देऊ शकते आणि निविदेची पद्धत तेवढ्यापुरती माफ समजली जाते. त्याच कलमात पुढे हिशेबाचीही सोय आहे: वस्तू वापरल्याचे नियंत्रक अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हेच प्रमाणक (व्हाउचर) धरले जाते. तेव्हा ‘निविदाच नव्हती, कागद कुठून देणार?’ असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नका. थेट खरेदीला परवानगी देणारा आदेश आणि वापराचे प्रमाणपत्र, हे दोन कागद तरी असायलाच हवेत.

अर्ज भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. संस्थेच्या लेटरहेडवर करू नका, स्वतःच्या नावाने करा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायचे बंधन माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(२) नुसार नाही (यापुढची कलमेही याच अधिनियमाची). महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ चा (राज्याच्या नियमांतला अर्जाचा) नमुना आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एवढ्यावर काम होते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्य शासनाच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन अर्जही करता येतो. हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. उत्तराच्या मुदतीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

अर्ज फसतो तो मजकुरात. माझा पहिला अर्ज ‘कोविड काळातील सर्व खरेदीची माहिती द्यावी’ असा एका ओळीचा होता. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर आले आणि महिना वाया गेला. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कागदाचे नाव घेऊनच मागावे. उदाहरणार्थ:

‘दि. १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२२ या कालावधीत आपल्या रुग्णालयास प्राप्त झालेल्या व्हेंटिलेटरबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: खरेदीस दिलेली प्रशासकीय मान्यता, दरपत्रके व तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, देयके, साठा नोंदवही व जडसंग्रह नोंदवहीतील संबंधित पाने, दुरुस्तीच्या नोंदी, इतरत्र हलवल्याचे किंवा निर्लेखनाचे आदेश.’

यातली जडसंग्रह नोंदवही, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंद ठेवणारे डेडस्टॉक रजिस्टर, सगळ्यात महत्त्वाची. (निर्लेखन म्हणजे वस्तू निकामी ठरवून वहीतून कमी करणे.) दर किती लावला ते देयकात कळते; यंत्र आज कुठे आहे, ते या वहीत. ओळ वाचताना यंत्राचा अनुक्रमांक बघा. तोच क्रमांक पुरवठादाराच्या चलनावर आहे का, आणि वॉर्डातल्या यंत्राच्या मागच्या पट्टीवर आहे का, हे जुळवले की पुष्कळ काही उलगडते. देणगीतून किंवा पीएम केअर्समधून आलेल्या यंत्रांचेही असेच. पीएम केअर्स निधी आपण सार्वजनिक प्राधिकरण (म्हणजे माहिती अधिकार लागू असलेली संस्था) नसल्याची भूमिका घेतो, पण यंत्र ज्या सरकारी रुग्णालयात उतरले त्याची नोंदवही तुम्हाला मागता येते. रुग्णांची नावे मात्र मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

प्रती खूप असतील तर आधी अभिलेख पाहणी, म्हणजे कार्यालयात जाऊन कागद बघण्याची परवानगी, मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही. हवी तीच पाने निवडून साध्या आकाराच्या पानाला २ रुपये भरले की खर्च आटोक्यात राहतो.

उत्तराची मुदत ३० दिवसांची. पुरवठादाराला त्रयस्थ पक्ष म्हणून विचारणा केली तर ४० दिवस. कागद दुसऱ्या कार्यालयात असतील तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करणे हे त्यांचे काम. तुम्हाला नवा अर्ज करायला सांगणे चूक आहे. मुदत उलटली की कलम ७(६) प्रमाणे प्रती मोफत.

‘व्यापारी गुपित’ म्हणून दर नाकारले, तर कलम ८(१)(घ) मध्येच मोठ्या सार्वजनिक हिताचा अपवाद आहे, तो अपिलात मांडा. सरकारी पैशातून चुकता केलेला दर गुपित कसा, हा प्रश्न स्पष्ट विचारा. खरोखर गोपनीय असा भाग असला, तर तो झाकून बाकीचा द्यावा, असे कलम १० सांगते.

प्रथम अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. सोबत मूळ अर्ज, पोच आणि आलेले उत्तर जोडा. त्यावरही समाधान नसेल तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, जोडपत्र ‘क’ मध्ये. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवल्यास आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड लावू शकतो.

आता या फाइलींना काही वर्षे झाली आहेत. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर येण्याची शक्यता वाढत जाते. म्हणून अर्जाच्या शेवटी हे वाक्य घालाच: ‘नस्ती नष्ट केली असल्यास नष्टीकरणाच्या आदेशाची व नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत द्यावी.’